आजोबांची पाठ आणि पुढच्या वर्षीचा सब्जेक्ट

पत्र:

ताई, मी १५ वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी शाळेत एक व्होकेशनल सब्जेक्ट निवडायचाय आणि मला हेल्थ अँड सोशल केअर घ्यायचंय. माझ्या आजोबांना (बाबांचे बाबा) स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पुढचं दीड वर्ष शाळेतून आलो की त्यांचं बरंचसं मीच करायचो, भरवणं, डायपर, कूस बदलणं. त्यांना बोलता यायचं नाही म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या, पलंगावर दोनदा टकटक म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे कूस बदल, तळहात सपाट ठेवला की मला जरा एकटं राहू दे. शेवटी शेवटी त्यांच्या माकडहाडावर बेडसोर झाला आणि तो भरलाच नाही. पाच महिन्यांपूर्वी ते गेले. मला सारखं वाटतं तो माझ्यामुळे झाला. एकदा रात्री मी त्यांच्यावर ओरडलोही होतो. बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे, सेवा करणं काय शाळेत शिकायची गोष्ट आहे का. सर म्हणाले तुझे मार्क चांगले आहेत, हा सब्जेक्ट ज्यांना बाकी काही जमत नाही त्यांच्यासाठी असतो. मित्र म्हणतात मुलींचा सब्जेक्ट. यात नक्की शिकवतात काय? पुढचे रस्ते बंद होतात का? आणि आजोबांवर ओरडलेल्या मुलाने हा सब्जेक्ट घ्यावा का?

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न तू बरेच विचारलेयस पण मी सुरुवात बेडसोरपासून करते, कारण ते मनातून निघाल्याशिवाय बाकी काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही असं मला वाटतं.

बेडसोर होतो कसा ते आधी समजून घे. माणूस एकाच बाजूवर खूप वेळ पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामधे कातडी आणि मांस चेपलं जातं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग आतून मरायला लागतो. म्हणून तो माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर, खांद्याच्या पात्यावर होतो, जिथे हाड अगदी कातडीखाली असतं तिथे. ओलावा असला की कातडी मऊ पडते आणि लवकर फाटते. खाणं कमी झालेलं असलं की भरून यायला शरीरात ताकद नसते. आणि अजून एक गोष्ट जी घरच्यांना कोणी सांगतच नाही, माणूस पलंगावर खाली घसरला की आपण काखेत हात घालून त्याला वर ओढतो ना, त्या ओढण्यात वरची कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. तू हे शंभर वेळा केलं असशील, प्रेमानेच केलं असशील, आणि कोणी तुला सांगितलं नव्हतं की ओढायचं नसतं, चादरीचा झोळीसारखा उपयोग करून दोघांनी उचलून सरकवायचं असतं.

डोरीन नॉर्टन नावाची एक ब्रिटिश नर्स होती. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्ध पेशंटमधे याचा अभ्यास केला आणि १९६२ मधे एक साधी मोजपट्टी दिली. पाच गोष्टी बघायच्या: शरीराची एकूण अवस्था, मनाची जाग, चालणं-फिरणं, पलंगावर हालचाल करता येणं, आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकाला १ ते ४ मार्क. बेरीज १४ किंवा त्याखाली आली की या माणसाला बेडसोरचा धोका आहे असं समजायचं आणि जखम व्हायच्या आधीच तयारीला लागायचं. आता तुझ्या आजोबांना तूच मार्क देऊन बघ. चालणं नाही, ताबा नाही, हालचाल जवळपास नाही, म्हणजे या तीन गोष्टींचे मिळून तीन नाहीतर चार, फार तर पाच. बाकी दोन्हीला पुरेपूर मार्क दिलेस तरी बेरीज तेराच्या वर जात नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते धोक्याच्या यादीत होते. अशा माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते (माणसागणिक आणि गादीगणिक कमीजास्त), दिवसाही आणि रात्रीही, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या, कातडी रोज बघायची. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून काढल्यावर ती पांढरी पडत नसेल, लालच राहत असेल, तर ती धोक्याची पहिली खूण. आणि सावळ्या कातडीवर ती लाली बऱ्याचदा दिसत नाही, तिथे हाताने बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. हे सगळं शिकलेल्या आणि शिफ्टमधे काम करणाऱ्या माणसांच्या वॉर्डातसुद्धा बेडसोर होतात. आणि तू शाळेतून येऊन एकटा, न शिकता, दीड वर्ष करत होतास आणि तो अगदी शेवटी झाला. तू लिहिलंयस 'माझ्यामुळे झाला'. मला उलट विचारावंसं वाटतं की इतके महिने झाला नाही तो कोणामुळे.

तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही याच्यातच आहे बघ. सेवा करणं काय शिकायची गोष्ट आहे का? हो आहे. माया तुझ्याकडे भरपूर होती, पण ओढण्याने कातडी फाटते हे मायेतून कळत नाही, ते कोणीतरी शिकवावंच लागतं. आपल्याकडे सगळे धरून चालतात की काळजी घेणं हा स्वभाव असतो, ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, आणि त्यामुळे ते काम न शिकवता घरातल्या कोणाच्यातरी अंगावर टाकून मोकळे होतात आणि नंतर काही चुकलं की त्या माणसाला आयुष्यभर टोचत राहतं. तुला टोचतंय तसंच. मला याचा फार राग येतो, खरंच येतो.

आता यात शिकवतात काय. शाळेगणिक आणि बोर्डागणिक धड्यांची नावं बदलतील पण गाभा बराचसा सारखा असतो. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसकसा बदलतो हे असतं, शरीराने, बुद्धीने, भावनेने आणि माणसांमधल्या नात्यांनी, चारही बाजूंनी. तब्येतीवर काय काय परिणाम करतं हे असतं, म्हणजे नुसतं खाणं आणि व्यायाम नाही तर घर कसं आहे, कमाई किती, एकटेपणा, घरात नुकतंच कोणी गेलंय का. कुठल्या सेवा असतात आणि लोक त्यांच्यापर्यंत का पोचत नाहीत. स्वच्छता आणि इन्फेक्शन, फर्स्ट एड, नाडी, श्वास, टेम्परेचर, बीपी मोजणं. मग संवाद. मग हक्क, संमती, गोपनीयता, कोणाचा छळ होतोय असं वाटलं तर कोणाला आणि कसं सांगायचं. आणि जिथे सोय असते तिथे काही दिवस प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन कामाचा अनुभव, वृद्धांकडे, लहान मुलांकडे नाहीतर अपंग व्यक्तींच्या केंद्रात. इंजेक्शन वगैरे देत नाहीत हं, बरीच मुलं ते डोक्यात ठेवून येतात आणि पहिल्या महिन्यात हिरमुसतात.

मी आधी वॉर्डात काम करायचे, आता हा सब्जेक्ट शिकवते, त्यामुळे वर्गात खरंच काय होतं ते सांगू शकते. श्वास मोजायचा धडा घे. मोठ्या माणसाचे आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण समोरच्याला सांगितलं ना की मी तुमचा श्वास मोजतोय, की तो वेगळाच घ्यायला लागतो, कोणीही घेतो, तू आत्ता वाचतावाचता घेतला असशील. म्हणून काय करायचं, मनगट धरून नाडी मोजायची, मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, तसाच धरून ठेवायचा आणि नजर छातीवर न्यायची. ही युक्ती मुलांना पहिल्यांदा कळते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. किंवा हात धुण्याचा धडा. निळ्या दिव्याखाली चमकणारं एक लोशन असतं, ते हाताला लावायचं, मग नेहमीसारखे हात धुवायचे आणि मग दिव्याखाली धरायचे. अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या चमकत असतात, जवळपास प्रत्येकाच्या. साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगतं आणि मुलं पंधरा सेकंदात उरकून आलेली असतात. एकदा ते चमकणारे अंगठे बघितले की पुन्हा सांगावं लागत नाही.

पण माझा सगळ्यात आवडता धडा भरवण्याचा. दोघादोघांच्या जोड्या करते, एकाचे डोळे बांधायचे आणि दुसऱ्याने त्याला चमच्याने भरवायचं, बस एवढंच सांगते. दरवर्षी तेच होतं. भरवणारा गप्पा मारत दुसऱ्याच कोणाकडे बघत असतो, चमचा दाताला लागतो, पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठाशी येतो आणि 'तुला भूक आहे का' हे कोणी विचारतच नाही. मग डोळे सोडल्यावर मी फक्त विचारते, कसं वाटलं. एका वर्षी एक मोठा दांडगट मुलगा, वर्गात कधी काही न बोलणारा, म्हणाला की मी वस्तू आहे असं वाटलं. त्याच्यानंतर मला संमतीवर फार बोलावं लागलं नाही.

आणि हे मी स्वतः किती उशिरा शिकले ते पण सांगते. वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात मी एका आजींना स्पंज करायला घेतलं, पडदा अर्धा उघडा होता, माझ्या लक्षातच आलं नाही, मला वेळेत सहा पेशंट उरकायचे होते. आजी काही बोलल्या नाहीत, नुसती चादर घट्ट धरून बसल्या होत्या आणि मी ती त्यांच्या हातातून सोडवली. काम स्वच्छ केलं होतं मी, अगदी नियमाप्रमाणे. त्या मुठी अजून दिसतात मला.

आता ओरडण्याबद्दल. ब्रिटनमधे ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड नावाचे एक संशोधक होते, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसांशी आपण कसं वागतो यावर त्यांनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं घालवली, १९९८ मधे ते गेले. माणसाचं माणूसपण कशाने कुरतडलं जातं याची त्यांनी यादी केली: त्याच्या देखत त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलणं, लहान बाळासारखं वागवणं, त्याला झेपणार नाही इतक्या वेगाने त्याच्यावर सगळं लोटणं, त्याला करता येणारी गोष्ट करू न देणं, दरडावणं, दुर्लक्ष करणं. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की किटवुड स्पष्ट सांगायचे की असं वागणारी माणसं दुष्ट नसतात, बऱ्याचदा ती चांगलीच असतात, पण तशा वागण्याची सवय त्या जागेत मुरलेली असते. म्हणजे प्रश्न हा विचारायचा की चांगला माणूस असं का वागला. तू रात्री ओरडलास तेव्हा तू किती तास जागा होतास? दुसऱ्या दिवशी शाळा होती का? तुझ्याऐवजी कोणी येणार होतं का? तू त्यांच्यावर ओरडलास हे चुकलंच, मी तुला ते चुकलं नाही असं खोटं सांगणार नाही, त्यांना ते लागलं असणार. पण तू पंधरा वर्षांचाही नव्हतास आणि तुला कोणी पाळी बदलून दिली नाही, हे त्याच रात्रीचं दुसरं खरं आहे. या सब्जेक्टमधे चिडू नका असं शिकवत नाहीत, शिकवतात ते असं की चीड डोक्यात चढायला लागली की आपल्याच शरीरात आधी कळतं, जबडा आवळला जातो, हात जरा जास्त जोरात लागायला लागतात, तेव्हा समोरच्याला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जायचं आणि कोणालातरी सांगायचं. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्याला अधूनमधून सुट्टी मिळायला हवी, ही चैन नाही, ते त्या आजारी माणसाच्या सुरक्षेसाठी लागतं.

तर ओरडलेल्या मुलाने हा सब्जेक्ट घ्यावा का, हो, बेलाशक. पण एका कारणासाठी घेऊ नकोस. प्रायश्चित्त म्हणून घेऊ नकोस. मला तुझ्या पत्रात त्याचा थोडा वास येतो म्हणून स्पष्ट लिहिते. आजोबांच्या पाठीची भरपाई करायला म्हणून जो येतो तो प्रत्येक पेशंटमधे आजोबा शोधत राहतो, आणि समोरचा माणूस आजोबा नसतो ना, तो चिडका असतो, आभार मानत नाही, कधी कधी हात झटकून टाकतो. आपल्या माणसाचं करणं वेगळं आणि अनोळखी माणसाचं रोज करणं वेगळं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम कर, कुठेतरी ओळखीच्या मोठ्या माणसाबरोबर चार-पाच वेळा जा, वृद्धाश्रम, दिवसाचं केंद्र, काहीही, आणि तुझ्या कोणी नात्यात नसलेल्या एखाद्या माणसाशेजारी तासभर बस. भरवायचं वगैरे काही नाही, नुसतं बस, बोल, ऐक. घरी येताना मनात काय आहे ते बघ. त्या माणसाबद्दल अजून काही जाणून घ्यावंसं वाटतंय का, की फक्त आजोबाच आठवतायत. दुसरं असेल तर सब्जेक्ट सोडून दे असं मी म्हणत नाही, पण मग थोडा वेळ लागेल तुला, आणि प्लेसमेंट ठरवताना टीचरना आधीच सांग की घरात पाच महिन्यांपूर्वी असं झालंय, मला पहिल्यांदा लहान मुलांकडे पाठवा. कुठलीही शहाणी टीचर ऐकेल. हे सांगायला लाजू नकोस, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणाच्यातरी पाठीवर ड्रेसिंग दिसेल आणि तू दारातून परत येशील.

सरांचं म्हणणं. मार्क कमी असलेली मुलं या सब्जेक्टकडे ढकलली जातात हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे, आणि ती मुलं पुढे अडकतात हेही खरं आहे, कारण यात लिखाण प्रचंड असतं. बऱ्याच कोर्समधे मार्कांचा मोठा भाग असाइनमेंट आणि पोर्टफोलिओवर असतो. एक केस देतात, समजा एक सत्तरीच्या बाई आहेत, एकट्या राहतात, पडल्या, खुबा मोडला, आणि मग त्यांच्या शरीरावर, मनावर, पैशांवर, माणसांवर काय परिणाम होईल आणि कोणती मदत लागेल आणि ती मिळण्यात काय अडथळे येतील हे सगळं तुला जोडून लिहायचं असतं, नुसती यादी चालत नाही, 'त्यामुळे काय' हे प्रत्येक वाक्यानंतर लिहावं लागतं. जे परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारे असतात त्यांचं इथे जमत नाही, दर आठवड्याला थोडं थोडं लिहीत जावं लागतं. तुझं पत्र वाचून वाटतं तुला जमेल. तू खुणांबद्दल जे तीन ओळीत लिहिलंस ना, तसं नेमकं लिहायला मला मुलांना वर्षभर शिकवावं लागतं.

रस्ते बंद होतात का, याचं उत्तर तू बाकीचे सब्जेक्ट कुठले ठेवतोस त्यावर आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब यातलं काहीही डोक्यात असेल तर बायोलॉजी आणि केमिस्ट्री सोडायचं नाही, अजिबात नाही, हेल्थ अँड सोशल केअर त्यांच्या जोडीला घ्यायचं, त्यांच्या जागी नाही. सोशल वर्क, काउन्सेलिंग, लहान मुलांचं शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, अँब्युलन्सवरचं काम, इकडेही वाटा जातात आणि प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे जिथे पुढे जायचंय अशा दोन-तीन कॉलेजांना आत्ताच लेखी विचार की हा सब्जेक्ट तुम्ही प्रवेशासाठी धरता का आणि कुठल्या सब्जेक्टबरोबर. लेखी म्हणजे लेखी, फोनवर कोणीतरी 'हो हो चालतं' म्हणालं त्यावर जाऊ नकोस.

कामांची कमी नाही. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०३० पर्यंत जगात एक कोटीहून जास्त आरोग्य कर्मचारी कमी पडणार आहेत. पण अर्धंच सांगितलं तर फसवल्यासारखं होईल, म्हणून हेही ऐक, नुसत्या केअर असिस्टंटच्या पातळीवर थांबलास तर पगार बहुतेक ठिकाणी कामाच्या मानाने फार कमी असतो, रात्रपाळ्या असतात, कंबर जाते. हे बदलायला हवं आणि मी त्यासाठी भांडत असते, पण तू निवड करताना आजचं चित्र बघूनच कर.

बाबांना सांगायला एक खरी गोष्ट देते. सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स झाल्या, पाठदुखीमुळे ते सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात सोशल वर्कर झाल्या, आणि मग लक्षात आलं की शेवटच्या आजारातल्या माणसांच्या वेदनेवर काही करायचं असेल तर डॉक्टर व्हावं लागेल, तर तिशी उलटल्यावर मेडिकलला गेल्या आणि १९५७ मधे, वयाच्या ३९व्या वर्षाच्या आसपास, डॉक्टर झाल्या. १९६७ मधे लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा) सुरू केलं, आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात तिथून धरतात. त्यांनी 'टोटल पेन' म्हणून एक कल्पना मांडली, म्हणजे मरणाऱ्या माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं असतं, घरच्यांच्या काळजीचं आणि पैशांचं असतं, आणि 'माझ्या आयुष्याचा अर्थ काय' याचंही असतं. नर्स, सोशल वर्कर आणि डॉक्टर तिन्ही असलेल्या बाईलाच हे दिसू शकलं असं मला नेहमी वाटतं. हेल्थ आणि सोशल हे दोन शब्द एकत्र का हवेत याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

मात्र बाबांशी बोलताना ही गोष्ट नंतर सांग. आधी एक विचार कर. गेलेले त्यांचे वडील होते. त्यांनी दीड वर्ष आपल्या मुलाला आपल्या वडिलांचं डायपर बदलताना बघितलं, ते करायचं त्यांचं होतं आणि ते तू केलंस, आणि आता तोच मुलगा म्हणतोय मला हेच शिकायचंय. मी तुझ्या बाबांना ओळखत नाही पण कॉम्प्युटर घे याच्यामागे फक्त कॉम्प्युटर नसावा असं मला वाटतं. वाद घालू नकोस. एखाद्या संध्याकाळी त्यांना विचार, बाबा, आजोबांचं मी केलं ते बघताना तुम्हाला काय वाटायचं. आणि मग गप्प बस, उत्तर यायला वेळ लागला तरी. त्यानंतर सिलॅबसची प्रिंट समोर ठेव आणि म्हण की बायोलॉजी केमिस्ट्री ठेवून हा एक घेतोय.

मित्रांसाठी मी फार शाई घालवणार नाही. जगातल्या आरोग्य आणि सामाजिक काळजीच्या कामात सुमारे ७० टक्के बायका आहेत, डब्ल्यूएचओचाच २०१९ चा आकडा, म्हणून लोकांना तो बायकांचा सब्जेक्ट वाटतो. पण वॉर्डात मी कितीतरी म्हातारे पुरुष बघितलेत जे माझ्याकडून आंघोळ करून घ्यायला तयार नसायचे, संध्याकाळच्या शिफ्टला वॉर्डबॉय येईपर्यंत तसेच ओले पडून राहायचे. तुझ्या आजोबांना तू मिळालास.

शेवटी त्या टकटकीबद्दल. स्ट्रोकने मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू जाते आणि बऱ्याचदा शब्दही जातात, त्याला अफेझिया म्हणतात, १८६१ मधे पॅरिसमधे पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका पेशंटबद्दल सांगितलं होतं ज्याला जवळपास 'टॅन' एवढंच म्हणता यायचं पण दुसऱ्याचं बोलणं बरंचसं कळायचं. अशा माणसाशी बोलायला चित्रांचे तक्ते, अक्षरांच्या पाट्या, खुणा वापरतात, त्याला पर्यायी संवाद म्हणतात आणि सिलॅबसमधे संवादाच्या भागात तो येतो. तू आणि आजोबांनी तो स्वतःच बनवलात, कोणी न शिकवता. आणि मला त्यातली तिसरी खूण सगळ्यात मोठी वाटते. पाणी आणि कूस हे कोणालाही सुचेल, पण 'मला जरा एकटं राहू दे' यासाठी खूण ठेवणं, म्हणजे पलंगावरून उठता न येणाऱ्या माणसाला तू नाही म्हणायची सोय करून दिलीस.

सब्जेक्ट घेतलास तर संवादाच्या असाइनमेंटमधे हेच लिही. त्यांचं नाव घालू नकोस, गावही नको, नुसतं 'एक ७० वर्षांपुढचे गृहस्थ' असं लिही, कारण गोपनीयतेचे मार्क त्याच पानावर असतात. आणि सबमिट करायच्या आधी बाबांना वाचायला दे.